आईच्या खिडकीखालची नळी

१२ ऑक्टोबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

फोटो मिळाला. गाडीतलं घर झकास झालंय. ओटा, दोन बाक आणि पडदे तर माझ्या घरापेक्षा छान. मागच्या खिडकीतून आई हसतेय. इतकी वर्षं माझ्याकडे राहिली, पण अशी हसलेली आठवत नाही. तुमच्याबरोबर भटकायचं ठरल्यापासून तिचे गुडघेही दुखायचे थांबले म्हणे! सकाळी मी अजून दोघींचा चहा टाकते आणि दुसरा कपही मीच पिते.

एक विचारते. आईच्या खिडकीखाली ती काळी नळी कसली? जनरेटरच्या धुराची असेल तर तिथे नको.

आठवण ठेव, आईलाही ठेवायला सांग.

तुझी ताई

१९ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वाटलंच होतं! कौतुकामागोमाग खोट हजर. प्रुफं तपासून तपासून तुला कशातही चूकच दिसते. नळी धुराचीच आहे. जनरेटर आईच्या बाकाखाली बसवलाय. लांब नळी गतिरोधकावर घासायची, म्हणून ह्यांनी कापून आखूड केली. ह्यांचं म्हणणं, ताईंना नळी नाही, आईचं हसू बोचतंय. खरं सांग, जळतेस ना? आम्ही पुढच्या महिन्यात निघतोय.

रागावलीस तरी माया आटवू नकोस.

तुझी धाकटी

२५ ऑक्टोबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

हो, जळते. हे पत्र दोनदा फाडलं. काळजीच्या नावाखाली मी तुमचा बेत मोडायला तर बघत नाही ना, हे माझं मलाच कळेना. खरं तर फोटोत काहीतरी वाईट सापडावं म्हणूनच मी तो भिंग लावून पाहिला. नळी सापडली ती त्यामुळे. पण माझं मन कसंही असो, धूर विषारीच आहे. त्यातल्या वायूला वास नसतो, झोपलेल्या माणसाला कळतही नाही. नळीचं तोंड गाडीच्या कडेबाहेर, खिडकीपासून दूर हवं. जनरेटरचा कप्पा खोलीच्या बाजूने पत्र्याने पूर्ण बंद हवा. आणि झोपताना तो चालू ठेवायचा नाही. सोबत वायू ओळखणारी घंटी पाठवते. मला काय हवं ते म्हण, पण एवढं कर.

तुझीच, जळकी ताई

६ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुला खोटं पाडायचं म्हणूनच घंटी लावली. आईला बाहेर खुर्चीत बसवलं, गाडीची दारं-खिडक्या लावल्या, जनरेटर सुरू केला आणि आम्हीही बाहेर थांबलो. थोड्याच वेळात आतून घंटी अशी किंचाळली की शेजारी धावत आले. ह्यांचा चेहरा पांढराफटक. आईच्या बाकाखाली वायर घालायला पाडलेलं भोक उघडंच राहिलं होतं! दुसऱ्या दिवशी कारागिराकडून कप्पा बंद करून घेतला, पूर्ण लांबीची नळी वर बांधून कडेबाहेर काढली. पुन्हा तपासलं, घंटी गप्प.

आई मात्र गप्प नाही. येईल त्याला ती घंटी दाखवते, माझ्या थोरलीने पाठवली म्हणून सांगते. रोज रुमालाने पुसते. पडदे मी शिवले, बाकाची गादी मी भरली, त्याबद्दल अवाक्षर नाही. ताई, आता मी जळतेय.

ओट्याजवळ एक माणूस मावेल. निघण्याआधी ये. तुझं कौतुक तूच ऐक, मला एकटीला ऐकवत नाही.

तुझी धाकटी