पहिली पसंती: न्यूअर्क

२ जानेवारी, सकाळी ६.१०
मिनिआपोलिस. बाहेर उणे एकवीस. नऊ मार्चला मला पासष्ट पूर्ण होतात आणि पासष्टीनंतर प्रवासी विमान चालवता येत नाही. म्हणजे आठ मार्च हा शेवटचा दिवस. त्या दिवशी हॉनोलुलूची फेरी, मोठं विमान, कॅप्टन डेल ह्रुस्का. नऊ हजार वैमानिकांत माझा सिनिऑरिटी नंबर एक्केचाळीस. मागेन ते मिळतं.
संकल्प: निवृत्तीआधी मुलीला, टेसला, कॅप्टन झालेली बघायचं. पण त्याबद्दल तिच्याशी एक अक्षर बोलायचं नाही. दबाव टाकणारा बाप मी नव्हे. शिवाय नव्या करारावर मतदान आहे, पोरांना शहाणं करायचं. बायकोच्या, मार्लिसच्या हातचे लेमन बार, म्हणजे लिंबाच्या गोड वड्या, दिवसाला एकच.

४ जानेवारी, रविवार
टेस, जावई आणि नात नोरा जेवायला. बटाटे-खिम्याची हॉटडिश ओव्हनमधून बाहेर यायच्या आत संकल्प मोडला. माझा दोष नाही, विषय तिनेच काढला. म्हणाली, बाबा, मीठ दे. मी म्हटलं, कॅप्टन लोक स्वतः उठून घेतात.
टेस चौतीस वर्षांची. आमच्याच कंपनीत, माझ्याच मोठ्या विमानावर को-पायलट. चार वर्षांपूर्वीच कॅप्टन झाली असती. तिचं म्हणणं, को-पायलटांत माझा नंबर वर आहे, ख्रिसमसला घरी असते, नोराची हॉकी बघते. कॅप्टन झाले की सगळ्यात छोटं विमान, न्यूअर्कचा तळ, यादीत शेवटची, आणि पहाटे चारला कंपनीचा फोन. खांद्यावरची कॅप्टनची चौथी पट्टी काय चाटायचीय, असं विचारलं. नातीसमोर.
मी शांतपणे १९९४ चं फार्गोचं वादळ सांगायला घेतलं. मार्लिस म्हणाली, डेल, फार्गो राहू दे, हॉटडिश वाढ.
लेमन बार तीन. पाहुणे होते म्हणून.

९ जानेवारी, हॉनोलुलू, हॉटेल
को-पायलट केलन ऑस्टबी, वय एकतीस. समजावायला आठ तास मिळाले. या करारात पगारवाढ जेमतेम, पेन्शनची भर चिमूटभर, तेव्हा विरोधात मत दे, असं सांगितलं. तर त्याने पहिलं काय विचारावं? बाप झाल्यावर किती आठवडे सुट्टी मिळणार. मी म्हटलं, टेस जन्मली तेव्हा मी डेन्व्हरला होतो, बिघडलं का काही? तो म्हणाला, कॅप्टन, हे तुम्ही टेसला कधी विचारलंय? पोरगा उद्धट नाही, पण ही पिढी उत्तर द्यायचं सोडून प्रश्न विचारते.
सुट्टीच्या दिवशी कंपनीचा फोन घ्यायचा नाही, हे कलम त्याला फार आवडलंय. आम्ही फोन उशाशी घेऊन झोपायचो. तिसऱ्या पानावर तर कहरच आहे. रिकाम्या जागांसाठी भरलेला पसंतीअर्ज म्हणे निकालानंतरही तीन दिवसांत मागे घेता येणार. म्हणजे माणसाच्या शब्दाला काडीची किंमत नाही. अठ्ठ्याण्णव साली मी करार समितीवर होतो, तेव्हा 'एकदा भरलं की भरलं' हा नियम मी भांडून घालून घेतला होता.
शेवटचे दोन तास केलन गप्प होता. पटलेलं दिसतंय.

१४ जानेवारी
क्रू रूममध्ये करारविरोधी पत्रकं वाटली. एकशे चाळीस. प्रतिसाद जबरदस्त, एकाही पोराने नाही म्हटलं नाही. दुपारी त्यातली एकशे बत्तीस रद्दीच्या डब्यात सापडली. सफाईवाल्यांना ताकीद द्यायला हवी. माझा अंदाज, सत्तर टक्के मतं विरोधात.

१८ जानेवारी
टेसचा फोन. म्हणाली, बाबा, आठ मार्चची हॉनोलुलू मी मागतेय, माझ्या नंबरला मिळतेच. तुझी शेवटची फेरी आपण दोघं मिळून करू. मी म्हटलं, छान, पण न्यूअर्कच्या कॅप्टनच्या जागांचे अर्ज सव्वीसला बंद होताहेत हं.  ती म्हणाली, ठेवते.
मार्लिसने विचारलं, ती तुला काय देत होती ते कळलं का तुला? कळलं की. दगड नाही मी. पण त्या पोरीच्या खांद्यावर चौथी पट्टी माझ्या हाताने लावायचीय. छत्तीस वर्षं नोकरी केली, एवढंही वाटू नये? दोन्ही गोष्टी जमतील. मी जमवेन.

२५ जानेवारी, रविवार, सकाळी ९.४०
टेस आली, स्वयंपाकघरातल्या आमच्या लॅपटॉपवर तिने आपलं वेळापत्रक बघितलं आणि नोराला घेऊन हॉकीच्या रिंकवर गेली. लॅपटॉप उघडाच राहिला. मी फक्त मिटायला गेलो. हात लागला तर समोर कंपनीचं पान, आणि त्यावर रिकाम्या जागांचा अर्ज. चष्मा वरच्या मजल्यावर होता, त्यामुळे अक्षरं मोठी करून घेतली. पहिली पसंती: कॅप्टन, छोटं विमान, न्यूअर्क.
टेसच्या वतीने भरून टाकलं. याला दबाव म्हणत नाहीत. अडलेल्या माणसाला मागून थोडा हात लावला, एवढंच. आज रागावेल, दहा वर्षांनी आभार मानेल.
लेमन बार चार. आज हक्क होता.

३० जानेवारी
कराराचा निकाल. बाजूने एक्क्याऐंशी टक्के. पत्रकातली अक्षरं बारीक पडली, दुसरं काही नाही.

२ फेब्रुवारी, सकाळी ७.००
जागांचा निकाल लागला. टेसचं नाव शोधलं. नाही. तळापासून वर वाचत गेलो. पहिल्याच ओळीत: डेल ह्रुस्का, कॅप्टन, छोटं विमान, न्यूअर्क.

७.०५
चष्मा लावून वाचलं. तेच.

७.३०
उलगडा झाला. टेस जाताना लॉग-आउट करून गेली होती. शहाणी पोरगी. लॅपटॉपने माझं साठवलेलं नाव आणि पासवर्ड आपोआप घातला आणि माझाच अर्ज उघडला. एक्केचाळीस नंबरने मागितलं, कंपनीने मुकाट दिलं. जिथे कंपनीतली नवखी पोरंसुद्धा तोंड वाकडं करून जातात, ती जागा मी पहिल्या पसंतीने पटकावली. हात दाखवून अवलक्षण.
चिंता नाही. एक फोन करायचा अवकाश. माझा शब्द कोण मोडतो?

३ फेब्रुवारी
सात फोन केले. चीफ पायलट म्हणाला, डेल, माझे हात बांधलेत. युनियनच्या ऑफिसात गेलो तर टेबलामागे केलन. हल्ली सुट्टीच्या दिवशी तिथे मदत करतो. त्याने सांगितलं, अर्ज मागे घेण्याचं कलम मंजूर झालंय, पण लागू एक एप्रिलपासून. तोवर अठ्ठ्याण्णवचाच नियम. म्हणाला, तो कुणी लिहिला देव जाणे, पण सुई जाईल एवढी फट ठेवली नाही.
मी विषय बदलला.

६ फेब्रुवारी
ट्रेनिंग विभागाचं पत्र. मोठ्या विमानावरून माझं नाव दहा तारखेपासून कमी. छोट्या विमानाचं ट्रेनिंग सहा आठवड्यांचं, मला उरलेत चार, म्हणून तिकडेही पाठवणार नाहीत. दहा तारखेच्या आत माझी एकही फेरी नाही. नऊ मार्चपर्यंत भरपगारी घरी.
म्हणजे मागच्या आठवड्यातली सिअॅटलहून परतीची फेरी, तीच माझी शेवटची होती. आणि विमान उतरवलंसुद्धा मी नाही. पेन्शनचा मुद्दा सांगायचा राहिला होता, तो नीट सांगता यावा म्हणून लँडिंग को-पायलटला देऊन टाकलं. मी खिडकीबाहेर पाहिलंही नाही.
गॅरेजमध्ये जाऊन बसलो. रडलो. लिहायला हरकत नाही, हे कोण वाचतंय.

७ फेब्रुवारी
फोनवर बत्तीस मेसेज, सगळे तरुणांचे. निवृत्तीआधी महिनाभर घरी आणि पगार चालू, काय डोकं लावलंत कॅप्टन, तुम्ही तर आमचे गुरू. करारातली अशी वाट कुणालाच दिसली नव्हती म्हणे. इतकी वर्षं या पोरांनी माझं काही ऐकलं नाही, आणि आता हे.
सगळ्यांना धन्यवाद कळवले. खुलासा केला नाही.

९ फेब्रुवारी
टेस आली. कोटही न काढता विचारलं, बाबा, न्यूअर्क तू कुणासाठी भरलंस? खोटं तयार होतं, पण खरं सांगून टाकलं.
ती चिडेल असं वाटलं होतं. चिडली नाही. खुर्चीत बसली आणि म्हणाली, समज, ते मला लागलं असतं. मग मीही मोठ्या विमानावरून गेले असते. आठ मार्चला तुझ्या शेजारी कोण बसलं असतं?
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खरंच नव्हतं. एवढी सगळी कलमं मला पाठ, आणि हे नाही आलं.
सॉरी म्हटलं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा, असं मार्लिस म्हणाली. आधीच्या सॉरीची तारीखही सांगितली.

८ मार्च, रविवार, दुपारी, पॅसिफिकवर कुठेतरी
सीट ३८-ई. मधली. टेसने ती फेरी सोडली नाही. मला म्हणाली, मागच्या बाजूला ये, पण ये. कर्मचाऱ्यांच्या पासवर आलोय. गुडघे समोरच्या सीटला टेकलेत, खिडकी दुसऱ्याची.
टेकऑफ टेसने केला. घोषणेत तसं सांगितलं. विमान सुटलं तेव्हा मला कळलंही नाही, इतकं अलगद. मी इतकं चांगलं कधी केलं नाही. हे तिला सांगायचं आहे, उतरल्यावर लगेच, फार्गोचं वादळ मध्ये न आणता.
शेजारच्या बाईंनी विचारलं, सारखे तिकडे पुढे काय बघताय? म्हटलं, माझी मुलगी चालवतेय हे विमान. त्या म्हणाल्या, अरे वा, कॅप्टन का? मी म्हटलं, नाही, को-पायलट.
मग कॅप्टन कोण आहे, असं त्यांनी विचारलं. टेसने सकाळीच सांगितलं होतं. मला नाव आठवेना.