पिठाच्या डब्यातला आवाज

आई, गेल्या महिन्यात सातपूरच्या एका परक्या स्वयंपाकघरात मी पिठाच्या डब्यातून माझाच आवाज ऐकला. सकाळचे सहा चाळीस झाले होते. बाहेर पहिल्या पाळीच्या बसगाड्या कंपन्यांकडे निघाल्या होत्या. मी दारात उभा, तोंड मिटलेलं, आणि आतून मीच गरजत होतो, "उठा! साखर मोजा! आळस ही मरणाची पहिली पायरी आहे!" भूत नसतं हे चौकाचौकांत सांगण्यात माझं आयुष्य गेलं. अंगात येणाऱ्यांना मी भर सभेत प्रश्न विचारले. पण त्या सकाळी माझ्या पाठीवरून काहीतरी गार सरकत गेलं.

झालं ते असं. ताईची धाकटी, तुझी नात, मोबाइलची अ‍ॅप बनवते. मधुमेहाच्या माणसांसाठी तिनं एक अ‍ॅप करायला घेतलं. रोज सकाळी उपाशीपोटी साखर मोजायची, आकडा फोनमध्ये लिहायचा, आकडा वाढला की डॉक्टरला तो आपोआप कळायचा. हाताला पीठ लागलेल्या, चष्मा न सापडणाऱ्या बाईलाही ते जमलं पाहिजे, हा तिचा हट्ट. म्हणून अक्षरं मोठी, बटण एकच, हिरवं, आणि बाकी सगळं, सकाळी सहा चाळीसच्या हाकेपासून, बोलून सांगायचं. "मामा, आवाज तुमचा द्या," ती म्हणाली, "लोक तुमचं ऐकतात." मी दिला, जीव ओतून दिला. आकडा चांगला आला तर "शाब्बास!" आणि वाढला तर, "ही साखर नव्हे, हा आत्मघात आहे! लाज वाटू द्या!" रेकॉर्डिंगच्या खोलीच्या काचेपलीकडून तिनं हात वर केला. "मामा, जरा हळू?" मी म्हणालो, "हळू सांगून आजवर कोण सुधारलंय?" मग तिनं विचारलं, रिकाम्या चौकटीत नमुन्यादाखल फिकट अक्षरांत एखादा आकडा दाखवायचाय, कुठला टाकू? मी विचार न करता म्हणालो, एकशे अठरा. तो आकडा माझ्या तोंडात कुठून आला, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

सातपूर आणि निफाडमधल्या तीसेक घरांत आम्ही ते अ‍ॅप वापरून बघायला दिलं. चौथ्या दिवशी तिनं मला बोलावून घेतलं आणि संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. एकशे अठरा. त्याखाली एकशे अठरा. पुन्हा एकशे अठरा. निम्म्याहून जास्त घरं, सहा चाळीसच्या सुमाराला, रोज. "बिघाड असेल," मी म्हणालो. "तपासलं, मामा. माणसंच पाठवतायत." घरी येऊन मी कपाटातून तुझी साखरेच्या आकड्यांची वही काढली. ती निळ्या पुठ्ठ्याची. पानामागून पान तुझ्या हातचं एकशे अठरा, त्यातला आठ वरून सुटलेला, अर्धवट बांधलेल्या गाठीसारखा. एका मांडीवर फोन, दुसऱ्या मांडीवर वही, आणि दोन्हींत तोच आकडा ओळीनं खाली उतरतोय. जणू तू पहाटे उठून त्या घरांतून फिरतेस आणि लिहून ठेवतेस. आई, मी मागं वळून पाहिलं. तुझ्या खोलीचं दार होतं तसंच उघडं होतं.

दुसऱ्या दिवशी नातीला कारण सापडलं. चौकटीत काही न लिहिता हिरवं बटण दाबलं की तो फिकट नमुनाच खरा आकडा म्हणून नोंदला जात होता. वापरायला सोपं, सोपं म्हणत आम्ही नेमकं खोटं बोलणं सोपं करून ठेवलं होतं. कारण कळलं तरी माझी भीती गेली नाही. एवढी माणसं आकडा लिहीत का नाहीत, ते बघायला आम्ही घरोघरी निघालो. पहिलंच घर ते सातपूरचं.

बाई मूळच्या नांदगावकडच्या, पाळीवरच्या कामगारांची खानावळ चालवतात. डबा गरजत होता आणि त्या शांतपणे पोळ्या लाटत होत्या. मग त्यांनी झाकण काढलं, पिठातून फोन उपसला, हिरवं बटण दाबलं. "शाब्बास!" मी म्हणालो, आतून. त्यांनी झाकण लावलं.

"मावशी, फोन पिठात कशाला?" नातीनं विचारलं.

"मंग काय करू? ह्यो बाबा रोज सकाळी वरडतो. जेवायला आलेली पोरं हसत्यात मला. एकदा दवाखान्यातला खरा आकडा टाकला तर लाज काढली मेल्यानं माझी. आता हिरवं दाबते. शाब्बास म्हणतो अन् गप ऱ्हातो. बाप्यांचं काय, शाब्बास म्हणू द्यायचं, आपलं काम करायचं."

"ताई, जरा पाय दाखवता?" मी म्हणालो.

लाटणं हातात तसंच धरून त्या दोन पावलं मागं भिंतीला टेकल्या. "अगं माय! तुम्हीच का त्ये? डब्यातले?"

वैशाखाचं ऊन, आणि त्यांच्या एकाच पायात मोजा होता. मला तुझा मोजा आठवला. "फरशी गार लागते रे," तू म्हणायचीस. फळीवर साखर मोजायच्या पट्ट्यांची डबी होती, तिचं सील शाबूत. ते मी नखानं फोडलं, मशीन लावलं. चारशे बारा. "लिहा," नात म्हणाली. बाईंनी माझ्याकडे बघत बघत लिहिलं, आणि त्यांच्या हातातून मी माझ्या तोंडावर ओरडलो, "ही साखर नव्हे, हा आत्मघात आहे! लाज वाटू द्या!" खानावळीत कुणी हसलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी माझा श्रोता झालो होतो, आई, आणि मला कुठंतरी लपावंसं वाटत होतं. जवळात जवळ तो डबाच होता.

तू गेल्यावर ताईला तुझं मशीन बाजरीच्या पिठाच्या डब्यात सापडलं होतं. मी आणून दिलेलं. ते आणलं त्या सकाळी मी स्वतः तुझ्या बोटाला सुई टोचली, आकडा आला एकशे अठरा, आणि मी टाळी वाजवून म्हणालो, शाब्बास! मग अक्षय्य तृतीया आली. तू आमरसाची दुसरी वाटी घेतेस आणि मी पाहुण्यांदेखत उभा राहतो, आत्मसंयमावर बोलतो, सगळी पंगत खाली मान घालून ऐकते. तू वाटी बाजूला सारतेस. "तुझं भाषण चौकात दे रे बाबा. माझ्या ताटावर उभा राहू नकोस." त्या दिवसानंतर वहीत दुसरा आकडाच नाही. ज्या एका आकड्यानं मी तुझ्यावर खूश झालो होतो, तो तू मरेपर्यंत मला देत राहिलीस. मग तुझा पाय काळा पडला, आणि पायामागून तू गेलीस.

मोज्याखाली बाईंच्या पायाचं एक बोट काळं पडलं होतं. ते गेलं, पाय वाचला. नातीनं चौकट कोरी केली, नमुना काढून टाकला, माझा आवाजही. आता आकडा कितीही असो, फोन एवढंच म्हणतो, "लिहिलंत, बरं झालं," आणि आकडा फार वाढला तर एका नर्सबाईंचा फोन येतो. ते वाक्य खानावळीच्या बाईंच्याच आवाजात आहे. पहिल्या सकाळी पडद्यावर दोनशे सत्याऐंशी, तीनशे चाळीस, एकशे नव्वद असे भयंकर, खरे आकडे उतरले आणि नात रडायला लागली. काल मात्र निफाडहून एक एकशे अठरा आला. मी तिला फोन करायला लावला. मळ्यातल्या त्या आजी हसून म्हणाल्या, "खरंच हाय बाई, दोनदा मोजली." नात आनंदली. मी मात्र तो सुटा आठ शोधत पडद्याकडे बघत राहिलो.

हे पत्र तुझ्या वहीतच ठेवतो. शेवटचं एक पान तू कोरं सोडलंयस, तिथं मावेल. लोकांना मी सांगत आलो की आईनं मला फसवलं. सभांमधूनही सांगितलं, दाखला म्हणून. पण त्या शेवटच्या रविवारी तू वही पुढं केलीस, मी "शाब्बास, आई" म्हणालो, तेव्हा फळीवर पट्ट्यांची नवी डबी होती. दोन महिन्यांपूर्वी मीच आणलेली. तिचं सील फोडलेलं नव्हतं. ते मी पाहिलं होतं, आई. गाडी दारात उभी होती आणि मला भाषणाला उशीर होत होता.