त्यानं माझ्याआधी ऐकलेलं काळीज

आर्णी, ४ ऑगस्ट ६३
सुमनला पाचवा लागला. अंगणातून घरात आली तरी धापा टाकते. आई म्हणते, "पह्यलटकरीन हाय, असंच होते." आज सु.चा आतेभाऊ मधुकर आला. मुंबईला डॉक्टर आहे, सुट्टीवर आलाय. नळी काढून तिच्या छातीला लावली. बराच वेळ. मी आपल्याच घरात दारात उभा. बस म्हणायचंही त्याला सुचलं नाही.

६ ऑगस्ट
म. म्हणतो, काळजातली झडप आवळलीय. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्यातलं. सु.ला विचारलं, मला का नाही सांगितलं? "तुमी कदी इचारलंच नाई." मग मधुकरला कसं ठाऊक? तर त्या तापात तोच उशाशी बसायचा म्हणे.
मामाच्या मुलीवर पहिला हक्क भाच्याचा. मधुकरच्या घरच्यांनी तो का सोडला ते आज कळलं. दुखणं ठाऊक होतं. लग्नाआधी सासरे मला म्हणाले, मुलगी शांत चालीची आहे. शांत कसली, दमत होती ती.

११ ऑगस्ट
ऑपरेशन. बरगड्यांतून जाऊन, चालत्या काळजात बोट सारून झडप मोकळी करायची. मी जिनिंगात कापूस पारखतो, बोटाला काय काय कळतं ते मला कोणी शिकवू नये. विचारलं, बोट कोणाचं? "मोठ्या सर्जनचं. मी नुसता बाजूला उभा राह्यतो." नुसता!
मूल राहील याचा भरवसा नाही, तिचाही पुरता नाही. आणि नाही केलं तर सातव्या-आठव्यात फुप्फुसात पाणी भरेल. "जवाईबापू, याच महिन्यात आना." सही नवऱ्याचीच लागते. ऐकून बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

२० ऑगस्ट
तिला यवतमाळच्या डॉक्टरांना दाखवलं. तिला बाहेर बसवून मला म्हणाले, मुंबईला न्या, उशीर नको. मला वेगळं ऐकायचं होतं. घरी सांगितलं, थांबून पाहू म्हणाले. धडधडीत खोटं.

२ सप्टें.
म.चं पत्र, तिच्या नावे. फोडलं. "मीठ सोड, उशा लावून नीज, भिऊ नको. कधी येता?" एवढंच. तीनदा वाचलं. काही सापडेना याचाच राग आला. मीठ बंद करवलं, माझ्या नावावर. पत्र चुलीत.

९ सप्टें.
पहाटेपासून बसूनच आहे. आडवी झाली की जीव घुसमटतो. खोकल्यात गुलाबी फेस. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली तेव्हा कुठे उतरलं. माझी तंतरली. सगळं खरं सांगून टाकलं तिला. रागावली नाही. "मले मालूम होतं. दवाखान्यातून आलो त्या दिवशी तुमी माह्याकडे पाह्यलंच नाई." मग म्हणाली, "मधुकरचं काय घेऊन बसले? त्यानं दुखनं पाहून सोडलं. तुमी..." धाप लागली. तुमी काय? पुढे विचारायची छाती झाली नाही.

मुंबई, १६ सप्टें.
सही केली. सर्जन म्हणाले, महिन्यापूर्वी सोपं गेलं असतं. म. शेजारीच उभा होता. माझ्याकडे पाहिलं नाही त्यानं. पाहिलं असतं तर बरं.

१८ सप्टें.
आठला तिला आत नेलं. जाताना म.ला म्हणाली, "यायनं सकायपासून काई खाल्लं नाई, पाह्यजो जरा." मला काही नाही बोलली. नुसतं बोट दाबलं.
सर्जननी म.ला आत घेतलं नाही. नात्यातला आहेस, हात कापेल. बाकावर माझ्याशेजारी येऊन बसला आणि चक्क रडला. "मी भेलो होतो, जवाईबापू. तवा सोडली ते भेऊनच." त्याच्या रडण्याचाही हेवा वाटला. माझं अडकूनच बसलंय.
आत्ता नर्स आली. रक्त कमी पडतंय, सुमनचं कोण आहे? दोघंही उठलो. दोघांचं तपासलं. त्याचं जुळलं, माझं नाही. जळलो, अजून जळतोय. त्याची बाही मीच वर सारली आणि म्हटलं, लवकर जा, उशीर नको.