खिडकीवरचं प्लास्टिक आणि वरच्या गावाचा पाऊस

आई, मी आता अंधेरीला एका ऑफिसात बसून गावांना तळी वाटते. हे ऐकून तू आधी काय म्हणाली असतीस ते मला ठाऊक आहे. "तळी वाटूक तू कोण गो?" मग ऑफिस कोणाचं, पगार वेळेवर देतात का, शेजारच्या टेबलावरचा माणूस कसा आहे, अशी झडती. तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते, म्हणून पहिल्यापासून सांगते. ज्या तालुक्यांत पावसाचा भरवसा नाही तिथे छोटे साठवण तलाव बांधायचे, आणि ते कोणत्या गावाला द्यायचे हे पावसाच्या नोंदींवरून ठरवायचं. त्यासाठी आम्ही अवर्षणाचा निर्देशांक काढतो. म्हणजे गावात पडलेला पाऊस दुसऱ्या कुठल्या गावाशी नाही, तर त्याच गावाच्या नेहमीच्या पावसाशी ताडून बघायचा. नेहमीपेक्षा जितका कमी, तितका आकडा शून्याच्या खाली. जिथे आकडा वरचेवर खाली जातो आणि पाणी अडवायला बरी जागा आहे, ते गाव यादीत वर. हे पहिल्यांदा शिकले तेव्हा मला हसूच आलं, कारण हा तर तुझाच प्रश्न. भाजीवाली म्हणाली, "ताई, स्वस्त लावते," की तू भाजी खाली ठेवून विचारायचीस, "कोणाच्या मानान?"

तुझा कोणावर विश्वास म्हणून नव्हता. गॅसचा सिलिंडर आला की त्या माणसाला दारातच काटा काढून वजन करायला लावायचीस, आणि मग काट्यावरच संशय घ्यायचीस. डॉक्टरांनी गोळी दिली की केमिस्टला विचारायचीस, आणि केमिस्टने सांगितलं की मुलुंडभरच्या बायकांना. मी एकदा वर्गात पहिली आले. धावत घरी येऊन सांगितलं, तर तू भाकरी थापता थापता मान वर न करता म्हणालीस, "परीक्षेक कोण कोण नव्हती?" काय रडले होते मी! संध्याकाळी तू गरम घावणे करून वाढलेस, पण प्रश्न काही मागे घेतला नाहीस. आज माझा नवरा म्हणतो की तू हुबेहूब आईवर गेलीयस. तो कौतुकाने म्हणतो की कसं, हे मी अजून शोधतेय.

तर यंदाची गोष्ट. एका तालुक्यात दोन गावं उरली आणि तलाव एकच. एक डोंगराच्या अंगाचं, त्याला मी वरचं गाव म्हणते, आणि दुसरं त्याच्या खालचं. निर्देशांकात वरचं गाव पहिलं आलं. गेल्या काही वर्षांत त्याचा आकडा एकदम घसरलाय, आणि खालच्या गावाचा तसाच्या तसा. दोन गावांच्या मधे एक ओढा, आणि पाऊस एवढा वेगळा? माझ्या डोक्यात किडा वळवळला. त्यात कळलं की वरचं गाव आमच्या साहेबांची सासुरवाडी. झालं! मी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन म्हटलं, साइट बघून येते. साहेब हसले. "मॅडम, सासुरवाडीचा पाऊस कमी करायला मी जावई आहे की इंद्र?" बोलले गमतीत, पण मी मनात म्हटलं, हा माणूस एवढा हसतोय कशाला?

वरच्या गावात पर्जन्यमापक पंचायतीच्या आवारात आहे. मी फाटकातून आत शिरले आणि जागच्या जागी थांबले. मापकाला लागून, बरोबर पश्चिमेला, सभागृहाची उंच भिंत, काही वर्षांपूर्वीच बांधलेली. पाऊस तिकडूनच तिरपा येतो. आई, त्या क्षणी मी पंचायतीच्या आवारात नव्हते, आपल्या मुलुंडच्या स्वयंपाकघरात होते. तू ओट्यापाशी उभी आहेस. पश्चिमेच्या खिडकीतून सपासप पाणी आत येतंय, स्टोव्ह विझलाय, आणि तू बाबांच्या नावाने ओरडत खिडकीला निळं प्लास्टिक ठोकतेयस. मग पुढच्या पावसाळ्यापर्यंत समोर तो टॉवर उभा राहिला आणि ओटा भिजायचा थांबला. बाबा म्हणाले, पाऊसच कमी झालाय हल्ली. तू म्हणालीस, "पाऊस थंयच आसा. मधी टॉवर इलो." बाबांनी मान डोलावली. मीही. केवढी हुशार आई आपली, असं वाटलं होतं मला. आणि तरी दर पावसाळ्याआधी तू ते प्लास्टिक नव्याने ठोकायचीस, कारण टॉवरवरही तुझा विश्वास नव्हता.

म्हणजे वरच्या गावाचा पाऊस आटला नव्हताच, भिंत आडवी आली होती. मी फोटो काढले, परत आले, आणि साहेबांच्या टेबलावर ठेवून तुझंच वाक्य शुद्ध मराठीत म्हटलं: पाऊस तिथेच आहे, मधे भिंत आली. भांडणाची पूर्ण तयारी करून गेले होते. साहेबांनी फोटो बघितले आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. काढा नाव. खालच्या गावाला देऊ. सोमवारी सही करा." इतकं सरळ? मग मला वाटायला लागलं, आता खालच्या गावात यांचं कोण आहे? तू असतीस तर रात्रीच्या जेवणाला आपण दोघींनी साहेबांच्या सात पिढ्यांची चौकशी केली असती.

काल वरच्या गावच्या सरपंच बाईंचा फोन आला. त्यांना कुठून तरी कळलं होतं. बाई भांडल्या नाहीत, आणि तेच मला जड गेलं. म्हणाल्या, "मॅडम, भिंत तुम्ही म्हणता तर पाडू आम्ही. पण भिंत पाडून विहिरीला पाणी येणार हाय का? तुम्ही आलात, भिंतीचे फोटो काढलेत. विहिरीत वाकून बघितलंत?" नव्हतं बघितलं. मी म्हटलं, बघते, आणि फोन ठेवला. पहिला विचार काय आला सांगू? हिला साहेबांनी शिकवून ठेवलंय. दुसरा विचार मात्र काही केल्या जाईना. भिंतीने पाऊस अडतो, हे मला कोणी सांगितलं? भिंत लागून आहे, पश्चिमेला आहे, हे मी बघितलं. पण उघड्यावर दुसरं मापक ठेवून कोणी ताडून बघितलंय? कोणीच नाही. मला इतकी खात्री कशाची होती? तुझी. एका अख्ख्या गावाचं पाणी मी तुझ्या एका वाक्यावर काढून घेत होते.

आणि मग आज दुपारी, आपल्या त्याच मुलुंडच्या स्वयंपाकघरात, चहा टाकताना मान वर केली तर खिडकीला प्लास्टिक. तुझ्यामागेही मी ते दर वर्षी लावतेच, सवयीने. मी बघतच राहिले. अगं आई, ओटा कोरडा राहायला लागला तेव्हाही ते प्लास्टिक होतंच ना! एकही पावसाळा आपण खिडकी उघडी ठेवली नाही. मग पाणी टॉवरने अडवलं की प्लास्टिकने, हे तुला कसं कळलं? बाबांना कसं कळलं? जगातल्या प्रत्येक माणसाला मी "कोणाच्या मानाने" विचारलं, साहेबांवर संशय घेतला, बिचाऱ्या सरपंच बाईंवर घेतला. तुझ्यावर तेवढा कधी घेतला नाही.

बाहेर पाऊस धो धो कोसळत होता. मी स्टुलावर चढले आणि सगळे खिळे उपटून प्लास्टिक खाली टाकलं. नवरा बाहेरच्या खोलीतून ओरडला, "काय चाललंय गं?" मी म्हटलं, ऑफिसचं काम. मग ओट्याला टेकून उभी राहिले. वारा जरा फिरला, टॉवरच्या अंगाने वळसा घालून आला, आणि पहिली सर थेट गॅसवर. मग दुसरी. चहात पाणी, माझ्या तोंडावर पाणी, तुझ्या मसाल्याच्या डब्यावर पाणी. मी खिडकीशी तशीच उभी राहून हसत होते आणि रडतही होते, कारण इतक्या वर्षांत तू पहिल्यांदाच चुकलेली सापडली होतीस, आणि ते सांगायला तू नव्हतीस.

उद्या मी सही करणार नाही. साहेबांना सांगणार आहे की वरच्या गावात उघड्या माळावर दुसरं मापक बसवा, दोन्हींत किती पडतो ते हा पावसाळा संपेपर्यंत बघू, आणि मी दोन्ही गावांच्या विहिरींवर स्वतः जाऊन येते. तलाव लांबेल. साहेब चिडतील. खालच्या गावातले लोक मला शिव्या घालतील, आणि त्यांचंही काही चुकणार नाही. भिंत कदाचित खरंच दोषी निघेल. पण ते मोजून निघू दे.

हे पत्र मी कुठे धाडणार, आणि धाडता आलं असतं तरी धाडलं नसतं. तू चुकली होतीस हे वाचून तू चष्मा पुसला असतास, ओल्या ओट्याकडे बघितलं असतंस आणि म्हणाली असतीस, "हंय पाणी कोणी ओतल्यान?" आणि खरं सांगू, ओटा पुसून झाल्यावर मी ते प्लास्टिक परत ठोकलंय.