जिन्याखालची कोल्हीण

तीर्थरूप मामा,

आधी वाकून नमस्कार, मग तुमच्या गुडघ्यांची चौकशी (नवं तेल लागू पडलं का? मामींचं ऐकत चला), आणि मग मुद्दा. सोमवारी तुम्ही पिंजरेवाल्याला पाठवताय असं कळलं. इमारत तुमची, जिना तुमचा, म्हटलं तर जिन्याखालची कोल्हीणही तुमचीच. पण तिला हलवण्याआधी भाच्याच्या चार ओळी वाचा.

तक्रार पहिल्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंची, हे मला ठाऊक आहे (पंखा कुरकुरला तरी त्यांना भूकंप वाटतो). सुरुवातीला सगळीच इमारत हादरली होती, खोटं कशाला बोलू? नळवाले काका पान्हा परजत जिना उतरायचे. वरचे निवृत्त हेडमास्तर घाबरू नका म्हणून सगळ्यांना समजवायचे, पण दार अर्धंच उघडून. मीही दुकानात हातोडी घेऊन बसलो होतो. एका सकाळी ती आली, माझ्याकडे पाहिलं, हातोडीकडे पाहिलं, दुरुस्तीला आलेले कारखान्याचे चकचकीत बूट नुसते हुंगले आणि मी हातानं शिवलेला एक जोडा तोंडात धरून शांतपणे निघून गेली. मामा, मी बघतच राहिलो. उभ्या आयुष्यात माझ्या कामाची अशी पारख कोणी केली नव्हती.

ही गोष्ट मी इमारतभर सांगितली (थोडी फुगवून, तो आपल्या घराण्याचा गुण), आणि हवाच पालटली. नळवाल्या काकांची एक चप्पल गेली, तर उरलेली हातात घेऊन ते गल्लीभर दाखवत फिरले. जुना जोडा गेल्यापासून हेडमास्तर नवे बूट मुद्दाम दाराबाहेर ठेवतात आणि सकाळी ते जागच्या जागी दिसले की तोंड पाडून बसतात. पलीकडच्या इमारतीवाल्यांना आम्ही ऐकवतो, तुमच्याकडे लिफ्ट असेल, आमच्याकडे कोल्हीण आहे. आता तिला पिल्लं झालीत. संध्याकाळी ती डोकावतात तेव्हा एरवी कचऱ्याच्या डब्यावरून भांडणारी ही माणसं कठड्याला टेकून श्वास रोखून उभी असतात. तेव्हा मला या इमारतीचा, म्हणजे पर्यायानं तुमचाही, फार अभिमान वाटतो. पण पिंजरा लागला तर आई आत आणि पिल्लं बाहेर राहतील, आणि ती अजून अंगावर पिताहेत. पिल्लं धावायला लागली की आई त्यांना घेऊन आपणहून जाईल, असं प्राण्यांचे डॉक्टर म्हणतात. तोवर पिंजरा थांबवा, एवढंच मागणं आहे.

मामींना नमस्कार सांगा.

तुमचा भाचा,
जोडेवाला

ता. क. शिवणवाल्या बाईंवर रागावू नका. कोल्हिणीनं सगळ्यांचं काही ना काही नेलं, फक्त त्यांच्याच चपलेला तोंड लावलं नाही, हे त्यांचं खरं दुखणं आहे.

आणखी एक ता. क. सोल बदलायला पाठवलेले बूट अजून कसे झाले नाहीत, असं तुम्ही मागे विचारलं होतं. उजवा तयार आहे, पॉलिशसकट. डावा जिन्याखाली आहे. सगळ्यात धाकटं पिल्लू त्यात झोपतं (मी वाकून पाहिलं, टाका एकही उसवलेला नाही). माझा काही तो परत मागायचा धीर होत नाही. सोमवारी पिंजरेवाल्याऐवजी तुम्हीच या, एकदा आत डोकावून बघा, आणि मग धीर झालाच तर स्वतः मागून घ्या.