चार्जिंगला लावलेला फोन

मखमलाबाद, नाशिक
बुधवार

प्रिय रूपाली,

उत्तराला एवढा उशीर केला म्हणून आप्पावर रागावू नकोस. तुझे मेसेज आले, ओवीच्या नाचाचा व्हिडिओही आला. पण मी फोनला हातच लावत नाही, बाजरीच्या डब्यात ठेवलाय. का ते सांगतो. तू मात्र आता त्यावर काही पाठवू नकोस.

माझ्या चार्जरची पिन मोडली. तुझी वहिनी उज्वला म्हणाली, "आप्पा, वायर द्या, कॉम्प्युटरला लावते. तिथंही चार्ज होतो." तुझ्या भावानं, स्वराजनं फुलांच्या ऑर्डरींसाठी कॉम्प्युटर घेतलाय. वायर लावली तशी फोनवर एक चौकट आली, इंग्रजीत काहीतरी, खाली दोन शब्द. मला वाटलं, चार्ज करू का म्हणून विचारतोय. मी हो दाबलं आणि गुलाबाला पाणी धरायला गेलो. वायरीतून वीज जाते एवढंच मला ठाऊक. त्याच वायरीतून फोटोही जातात हे मला कुणी सांगितलं होतं?

परत आलो तर स्वराज खुर्चीवर, आणि समोर टीव्हीएवढी माझी नात, ओवी. मग विश्वेशरावांच्या खांद्यावर ओवी. मग तू, तुमच्या नांदगावच्या दारात. चार वर्षांचं सगळं. तुझा नंबर मी 'झुंबर खतवाले' या नावानं ठेवला होता, पण फोटोंना कुठलं नाव देणार?

तू घरच्यांना न विचारता विश्वेशरावांशी लग्न करून गेलीस तेव्हा स्वराजनं आम्हा दोघांना बेलभंडारा उचलायला लावला होता, रूपालीशी बोलणार नाही म्हणून. म्हणून तर मी तुला कधी फोन केला नाही. लिहायचं नाही, बघायचं नाही, असं शपथेत नव्हतं, अशी मी मनाची समजूत घालत आलो. खंडोबाला ती पटली असेल की नाही, कोण जाणे.

स्वराज ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एकेक फोटो पुढं सरकवत राहिला. तेवढ्यात तुझी आई भाकरीच्या पिठाच्या हातानं बाहेर आली आणि तिनं सरळ पडद्यावर ओवीच्या गालाला हात लावला. स्वराज म्हणाला, "आई, पीठ लागतंय." तिनं हात काढला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं माझा फोन घेतला, कॉम्प्युटरवरच्या काळ्या-पांढऱ्या चौकोनासमोर धरला आणि म्हणाला, "आता वायरही नको, आप्पा. तुमचे मेसेज इथंही दिसतील. गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी तुमच्याकडेच येतात ना." ऑर्डरीसाठी की माझ्यावर नजर ठेवायला? मला कळत नाही. म्हणून हा कागद.

काल जेवताना त्यानं विचारलं, "नांदगावात कुठं राहते ती? पत्ता सांगा. रविवारी आईला घेऊन जातो." आवाज अगदी शांत. याच स्वराजनं विश्वेशरावांची मोटारसायकल पहारीनं फोडली होती, तेव्हाही तो आधी असाच शांत होता. तुझ्या आईला वाटतं, तो निवळला. तिनं नेसायला चांगलं लुगडं काढून ठेवलंय, ओवीला कितव्या मापाचा फ्रॉक होईल ते उज्वलाला विचारते. निवळलाही असेल, पोरी. मी बाप असून मला ओळखता येत नाही. मी म्हणालो, पत्ता आठवत नाही. तुझी आई माझ्याकडे अशी बघत राहिली की मी अर्ध्या ताटावरून उठलो.

तुला न विचारता मी पत्ता देणार नाही, म्हणून हे लिहिलं. फुलबाजारातली अंबूबाई लेकीकडे नांदगावला येतेय, तिच्या हाती देतोय. ती शुक्रवारी परत निघेल. येऊ दे की नको, एवढंच तिच्याजवळ सांग. नको म्हणालीस तर तुझ्या आईला काय सांगायचं ते माझं मी बघेन. पण निरोप धाडल्याशिवाय राहू नकोस, माझा जीव टांगणीला लागलाय.

तुझाच,
आप्पा