पडद्यामागचा शंख

२ ऑगस्ट, सकाळी सहा.
खोकल्याचा अठरावा दिवस. हा रोग नव्हे, शुद्धी. गणपतीला पंचवीस दिवस उरले. हैदराबादेतल्या चिक्कडपल्लीच्या आमच्या मंडळात आरतीचा पडदा उघडण्याआधी शंख मीच फुंकतो, पडद्यामागून, सलग एकोणीस वर्षं. अध्यक्ष नामदेवराव काल म्हणाले, केशवराव, यंदा झेपेल ना? नाहीतर मंडळातला अमेय आहे, सॅक्सोफोन शिकतोय. सॅक्सोफोन.
संकल्प: खोकला बंद. रोज शंभर प्राणायाम.

५ ऑगस्ट.
सरावात डाव्या बरगडीपाशी कट्‌ झालं. आता फुंकलं की तिथे लिंबाएवढा फुगवटा येतो, थांबलं की जातो. उघड आहे, स्नायू. त्रेपन्नाव्या वर्षी. उषाला दाखवला. म्हणाली, अहो, स्नायू असा खोकल्यावर बाहेर डोकावून बघत नाही, डॉक्टरकडे चला. संस्कृतातलं न्यायशास्त्र न शिकलेल्यांचं अनुमान असंच घाईचं.

९ ऑगस्ट.
वायूही असेल. बेगम बाजारातून हिंग आणून लेप दिला. लेक ईशा लॅपटॉप घेऊन गॅलरीत राहायला गेली. फुगवटा संत्र्याएवढा. प्रगती आहे.

१३ ऑगस्ट.
हिमायतनगर. छातीच्या डॉक्टर रेणुका, मूळच्या नांदेडच्या. खोका म्हणाल्या, खोकलो. सीटी स्कॅन सांगितला. तिथे आडवा होताच फुगवटा परीक्षेच्या दिवशीच्या विद्यार्थ्यासारखा गायब. मला हायसं वाटलं. तंत्रज्ञ म्हणाला, पंडितजी, नाक-मुँह बंद करको जोर मारो, शंख फूँकते वैसा. मारला. दिसला.
निदान: लंग हर्निया. खोकून आणि फुंकून दोन बरगड्यांमधला स्नायू फाटलाय, फुप्फुस त्या फटीतून बाहेर येतं. तूर्त खोकल्याचं औषध आणि छातीला पट्टा. दुखलं, वाढलं किंवा आत जाईना तर ऑपरेशन, जाळी बसवायची. शंख बंद. विचारलं, एकदाच? म्हणाल्या, काका, एकदाच म्हणणारेच इथे परत येतात.
नामदेवरावांना कळवलं: किरकोळ सर्दी.

१८ ऑगस्ट.
उषाने शंख तांदळाच्या डब्यात लपवलाय. मला ठाऊक आहे, हे तिला ठाऊक नाही.
झोप नाही. मंडळात मला दुसरं येतं काय? माझं संस्कृत भाषण सुरू झालं की लोक प्लेटा मांडायला उठतात. शंख गेला तर मी तिथे फक्त उषाताईंचा नवरा.

२४ ऑगस्ट, दुपार.
उषा बाहेर. एकच हलकी फुंकर, तीही पट्टा बांधून. आवाज उत्तम. फुगवटा आत जाईना.
दाबला. जाईना. संस्कृत आठवेना, नुसतं आई गं. ईशाने गाडी काढली. वाटेत तिला बजावलं, मंडळात कोणाला कळता कामा नये.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी, हॉस्पिटल.
जाळी बसली. श्वास ओढून तीन चेंडू वर न्यायचं एक यंत्र दिलंय. माझा एकही हलत नाही. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांचे तिन्ही वर. यंत्र सदोष असल्याचं नर्सला सांगितलं. तिने बदलून दिलं. तेही सदोष.
ईशा आज आरतीला माझ्या गेल्या वर्षीच्या शंखाचं रेकॉर्डिंग पडद्यामागून स्पीकरवर लावणार आहे. लावू दे. एकोणीस वर्षांचे कान आहेत, जिवंत श्वास आणि यंत्र यातला फरक पहिल्याच फुंकीला कळेल. हळहळतील. फोन उशाशी ठेवलाय.

रात्री आठ.
नामदेवरावांचा फोन. म्हणाले, केशवराव, सर्दी असून काय फुंकलात, गेल्या वर्षीपेक्षा खणखणीत. पडद्यामागे चहा पाठवला होता, मिळाला ना?
मिळाला म्हटलं.